जपान सहलीच्या शेवटच्या दिवशी मागोमे ते त्सुमागो चालावे का?

पाणपोई

आम्ही चौघे, म्हणजे मी, माझा नवरा आणि माझे आई-बाबा, ऑक्टोबरच्या अखेरीस जपानला जात आहोत. तोक्यो, कानाझावा आणि क्योतो झाल्यावर परतीचे विमान नागोयाच्या चुबू विमानतळावरून रात्री उशिरा आहे. त्या शेवटच्या दिवशी क्योतोहून निघून किसो खोऱ्यातील मागोमे ते त्सुमागो ही जुनी डोंगरवाट चालावी आणि तिथूनच विमानतळ गाठावा, असे माझ्या मनात आहे.

सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक लोक खरेदीत आणि बॅगांची वजने करण्यात घालवतात. मला तो पायी घालवायचा आहे. पंधरवडाभर बुलेट ट्रेनने देश पाहिल्यावर, त्याच देशात लोक एके काळी कोणत्या वेगाने प्रवास करत होते हे निदान आठ किलोमीटर तरी अनुभवावे, एवढीच इच्छा आहे. बाबा सत्तरीचे आहेत. सपाटीवर ते आम्हा सर्वांच्या पुढे असतात, मात्र उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. आईला काहीच त्रास नाही, पण ती शाकाहारी आहे.

हा बेत एका दिवसात बसेल का, कोणत्या बाजूने चालणे सोयीचे, आणि मुळात ही वाट शेवटी ठेवावी की सुरुवातीला उरकून घ्यावी, यावर जाणकारांनी लिहावे.

नकाशेवाला

आधी गणित मांडतो. क्योतो ते नागोया शिनकान्सेनने पाऊण तासाच्या आत. नागोयाहून ‘शिनानो’ ही जलद गाडी साधारण तासाला एक सुटते आणि पन्नास मिनिटांत नाकात्सुगावाला पोहोचवते. तिथून मागोमेची बस अर्ध्या तासाच्या आसपास घेते. चालणे रमतगमत तीन तास. त्सुमागोहून नागिसो स्थानकापर्यंत बस दहा मिनिटे, आणि तिथून पुन्हा रेल्वेने नागोया. नागोयाहून विमानतळापर्यंत मेइतेत्सुची जलद गाडी अर्ध्या तासात नेते.

कागदावर हे बसते. खरी अडचण बसची आहे. वाट अजिबात अवघड नाही, पण दोन बसगाड्यांमध्ये कधी कधी दोन तासांचे अंतर असते, आणि रेल्वेच्या वेळा बसच्या वेळांशी जुळतीलच असे नाही. जपानमध्ये गाडी उशिरा येत नाही हे खरे, पण आपण उशिरा पोहोचलो तर ती थांबतही नाही. रात्रीच्या विमानाच्या दिवशी ही जोखीम मी घेणार नाही.

भटकभवानी

वेळेच्या बाबतीत नकाशेवाला यांच्याशी सहमत, निष्कर्षाशी नाही. आम्ही ही वाट सहलीच्या शेवटीच चाललो आणि ती शेवटीच हवी असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीच्या दिवसांत माणूस तोक्योच्या स्थानकांत बाहेर पडण्याचे दार शोधण्यातच दमलेला असतो. शेवटच्या दिवसांपर्यंत पायांना चालण्याची सवय होते आणि देवळे, बागा, मनोरे यांच्या याद्या उरकण्याची घाई ओसरलेली असते.

वाटेत साधारण मध्यावर, इचिकोकुतोचि नावाच्या जागी, एक जुने चहाचे घर आहे. आत शिरले की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. मग हळूहळू जमिनीत खोदलेली चौकोनी शेकोटी दिसते, तिच्यावर आकड्याला टांगलेली काळीठिक्कर किटली दिसते, आणि वर पाहिले तर धुराने डांबरासारखी झालेली तुळई. तिथले स्वयंसेवक येणाऱ्या प्रत्येकाला चहा देतात. पैसे मागत नाहीत, इच्छा असेल तर पेटीत टाकावेत. आम्हाला चहा देणाऱ्या आजोबांनी आम्ही कुठून आलो ते विचारले आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बोट दाखवले. माझ्या नवऱ्याने मुंबई दाखवली. आजोबांनी मान डोलावली आणि त्याच्या हातातली अर्धी भरलेली वाटी पुन्हा काठोकाठ भरली. ‘एवढ्या लांबून आलात तर अजून घ्या’ असाच त्याचा अर्थ आम्ही लावला.

हे सगळे घड्याळाकडे पाहत करायचे असेल तर मात्र करूच नये. म्हणून विमान असलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री त्सुमागोत किंवा मागोमेत मुक्काम करा.

चकवा

सगळे गोड गोड लिहीत आहेत, म्हणून थोडे मीठ टाकतो. ही वाट म्हणजे परदेशी पर्यटकांसाठी नीट विंचरून ठेवलेला भूतकाळ आहे. मागोमेच्या चढावर दोन्ही बाजूंना भेटवस्तूंची दुकाने, वाटेवर ठिकठिकाणी इंग्रजी पाट्या, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी पाहत चालायचे. त्यात मागोमेची घरे तरी जुनी कुठे आहेत? १८९५ आणि १९१५ च्या आगींत ते गाव जवळजवळ पूर्ण जळाले होते.

त्यापेक्षा याच जुन्या रस्त्यावर थोडे उत्तरेला असलेली तोरिइ खिंड चाला. नाराइ ते याबुहारा. खिंडीची उंची १,१९७ मीटर, गर्दी कमी, आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक असल्यामुळे नकाशेवाला यांची बसची चिंता मुळातच संपते.

दगडफूल

चकवा यांनी आपल्या नावाला जागून पाहुण्यांना वेगळ्याच वाटेला लावले आहे. नाराइ नागोयाहून बरेच लांब पडते. जलद गाडीने किसो-फुकुशिमापर्यंत जाऊन पुढे संथ गाडी धरावी लागते. विमानाच्या दिवशी तर ते शक्यच नाही, आणि सत्तरीच्या गुडघ्याला तोरिइची उंची कशासाठी द्यायची?

टिपणवही

पाणपोई यांनी प्रवासाच्या वेगाचा उल्लेख केला म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे चालताना पायाखाली काय आहे ते कळेल.

नाकासेन्दो हा एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या दोन मुख्य रस्त्यांपैकी डोंगरातून जाणारा रस्ता. लांबी सुमारे ५३० किलोमीटर, वाटेत मुक्कामाची ६९ ठाणी. त्यांपैकी त्सुमागो ४२वे आणि मागोमे ४३वे. दुसरा रस्ता, तोकाइदो, समुद्राच्या कडेने जातो. तो सपाट आणि लांबीला कमी, पण त्यावर मोठ्या नद्या ओलांडाव्या लागत आणि पूर आला की प्रवासी काठावर दिवसेंदिवस अडकून पडत. नाकासेन्दोवर चढउतार असले तरी अशी अडवणूक कमी, त्यामुळे राजघराण्यातील वधूंच्या मिरवणुकी याच वाटेने एदोला जात. १८६१ मध्ये सम्राट कोमेइ यांची बहीण राजकन्या काझुनोमिया शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएमोचि याच्याशी विवाहासाठी हजारोंचा लवाजमा घेऊन याच रस्त्याने गेली. आज आपल्याला दोन माणसे शेजारी शेजारी चालताना वाट अरुंद वाटते, तिथून ती पालखी आणि तो लवाजमा कसा गेला असेल याचा विचार करून पाहावा.

स्त्रियांच्या प्रवासाला दुसरीही बाजू होती. वाटेवर किसो-फुकुशिमाला तपासणीची मोठी चौकी होती आणि तिचे दोन मुख्य हेतू होते: एदोकडे जाणाऱ्या बंदुका अडवणे आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया अडवणे. सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस असल्यासारखी ठेवलेली असत. एखाद्या सरदाराची बायको गुपचूप घरी परतू लागली तर बंडाची चाहूल लागली असे समजत.

आणखी एक गोष्ट. दोन्ही गावांच्या वेशीवर रस्ता अचानक काटकोनात दोनदा वळतो. ती बांधणाऱ्याची लहर नव्हे. शत्रूचे सैन्य सरळ धावत गावात शिरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ती वळणे आहेत.

भटकभवानी

टिपणवही, लाकडाबद्दलही लिहा ना. चहाच्या घराजवळ जुन्या तपासणी नाक्याची पाटी पाहिली होती.

टिपणवही

बरोबर, ते लाकडाचे नाके. किसोचे जंगल ओवारी संस्थानाच्या ताब्यात होते. हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको आणि कोयामाकी या पाच झाडांची तोड सामान्य माणसाला पूर्ण बंद होती. हिनोकीचे एक झाड तोडले तर एक डोके, अशी त्या काळची दहशत सांगतात. मोठा किल्लेबांधणीचा काळ सरला तेव्हा डोंगर उघडे पडले होते, त्यातून हे कायदे आले. म्हणून वाटेवरून जाणाऱ्या लाकडाची बारकाईने तपासणी होई. इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला लागणारे हिनोकी आजही मुख्यतः किसोतून जाते. खिंड ओलांडून खाली आल्यावर उंच, सरळ, तांबूस सालीची झाडे दिसतात. पाऊस पडून गेला असेल तर त्यांचा वास लपत नाही.

मागोमे ही कडक तपासणी सोसणाऱ्या किसोच्या अकरा ठाण्यांपैकी दक्षिणेकडचे शेवटचे. गंमत म्हणजे आता ते या खोऱ्यापासून कागदोपत्री वेगळे झाले आहे. २००५ मध्ये ते नागानो प्रांतातून निघून गिफू प्रांतातील नाकात्सुगावा शहरात सामील झाले. त्यामुळे खिंडीत तुम्ही प्रांताची हद्दही ओलांडता.

उंबरठा

‘विंचरून ठेवलेला भूतकाळ’ या चकवा यांच्या शब्दांना उत्तर द्यायला हवे. विंचरला कोणी, हे पाहिले पाहिजे. १९११ मध्ये चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि तो त्सुमागोला बगल देऊन गेला. रस्त्यावर जगणारे गाव रस्ता ओस पडल्यावर गरीब झाले. तरुण निघून गेले, घरे मोडकळीला आली. नवी घरे बांधायला पैसे नव्हते, म्हणूनच जुनी उभी राहिली, हेही मान्य करू. पण १९६८ पासून गावकऱ्यांनी ती घरे जपायला सुरुवात केली आणि १९७१ मध्ये आपापसांत सनद केली: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. १९७६ मध्ये सरकारने देशभरातील पहिल्या काही संरक्षित वस्त्यांमध्ये त्सुमागोचा समावेश केला, तो त्यानंतर. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येत नाहीत, विजेच्या तारा समोरून दिसत नाहीत, आणि त्या घरांत माणसे राहतात. हा देखावा असेल तर त्याचे भाडे त्या लोकांनी स्वतःच्या सोयींतून भरले आहे.

मागोमेच्या आगींबद्दल तुमचे बरोबर आहे. पण जळालेले गाव त्याच चढावर, त्याच रस्त्याच्या कडेने पुन्हा बसले. रस्ता जुना आहे, घरे नवी आहेत. मला त्यात फसवणूक दिसत नाही.

चकवा

सनदेची माहिती नव्हती, धन्यवाद. गर्दीबद्दलचे मत मात्र कायम आहे.

उंबरठा

गर्दी अकरा ते तीन असते. दिवसाच्या बसगाड्या गेल्या की त्सुमागो रिकामे होते, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानेही मिटतात.

दगडफूल

आता गुडघ्याकडे येऊ या, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि आपण राजकन्येच्या मागे फिरत आहोत.

सगळीकडे मागोमेहून सुरुवात करण्याचा सल्ला देतात, कारण मागोमे सुमारे ६०० मीटरवर आहे, खिंड साधारण ८०० मीटरवर आणि त्सुमागो त्याहून बरेच खाली, ४३० च्या आसपास. म्हणजे चढ दोनशे मीटरचा आणि उतार पावणेचारशेचा. ज्यांना दम लागतो त्यांच्यासाठी हा सल्ला योग्य आहे. ज्यांचा गुडघा उतारावर दुखतो त्यांच्यासाठी तो नेमका उलटा आहे. मी फिजिओथेरपीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून हे आग्रहाने सांगते: उतरताना शरीराचे वजन आवरण्यासाठी मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. चढताना दम लागेल, पण थांबून श्वास घेता येतो. दुखरा गुडघा उतारावर थांबून बरा होत नाही.

बाबांसाठी त्सुमागोहून सुरुवात करावी. खिंडीपर्यंतचे साडेपाच किलोमीटर बहुतेक ठिकाणी संथ चढाचे आहेत, आणि मध्येच ते चहाचे घर येते. खिंडीपासून मागोमेपर्यंतचा सव्वादोन किलोमीटरचा उतार तीव्र आहे, पण तो नको असल्यास खिंडीतच बसथांबा आहे. बाबा आणि आई तिथून बसने मागोमेला उतरू शकतात. जुन्या फरसबंदीचे दगड पावसात निसरडे होतात, तेव्हा चालण्याच्या काठ्या जरूर घ्या आणि तळवा पकड घेणारा असू द्या.

नकाशेवाला

हा सल्ला उत्तम आहे. फक्त खिंडीत बसची वेळ आधी पाहून ठेवावी. तिथे बसून राहण्यापेक्षा अर्धा तास जास्त चहाच्या घरात काढलेला बरा.

पाणपोई

सगळ्यांचे मनापासून आभार. काही शंका उरल्या आहेत. चौघांच्या मिळून चार मोठ्या बॅगा आहेत, त्यांचे काय करायचे? आईच्या जेवणाचे काय? आणि अस्वले खरेच असतात का? बाबांनी कुठेतरी वाचले आहे आणि ते भलतेच उत्साहात आहेत.

भटकभवानी

अस्वले असतात. काळी, आशियाई जातीची. अलीकडे जपानच्या अनेक भागांत ती वस्तीजवळ येण्याचे प्रकार वाढले आहेत आणि शरद ऋतूत ती खाण्याच्या शोधात जास्त फिरतात. या वाटेवर ठराविक अंतरावर खांबाला घंटा टांगलेल्या आहेत. त्या जोरात वाजवायच्या, म्हणजे माणसे येत आहेत हे अस्वलाला आधीच कळते आणि ते बाजूला होते. आमच्यासोबतच्या एका काकांनी एकही घंटा सोडली नाही. त्यांच्या बायकोचे म्हणणे पडले की घरी दाराची बेल वाजली तर हे जागचे हलत नाहीत आणि इथे अस्वलांना निरोप पाठवत आहेत.

जेवणाबद्दल: नूडल्स किंवा रस्सा दिसायला शाकाहारी असला तरी त्यात माशाचे पाणी असते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. गोहेइ-मोचि हा इथला खास पदार्थ. भात कुटून काडीला लावतात आणि अक्रोड, तीळ, सोया सॉस यांचे वाटण फासून निखाऱ्यावर भाजतात. त्यातही वाटणात काय आहे ते विचारून घ्यावे. नाकात्सुगावाचे कुरि-किन्तोन मात्र डोळे मिटून घ्या. उकडलेल्या चेस्टनटचा गर साखरेत आटवून फडक्यात पिळतात, आणि पिळलेल्या फडक्याची चुणी वर तशीच दिसते. सप्टेंबरपासून हंगाम सुरू होतो, म्हणजे तुमच्या वेळेला ते मिळेलच.

नकाशेवाला

बॅगांसाठी दोन मार्ग आहेत. मागोमे आणि त्सुमागो या दोन्ही गावांच्या पर्यटक माहिती केंद्रांमध्ये एकमेकांकडे बॅगा पोहोचवण्याची सोय हंगामात असते, दोन्ही दिशांना. सकाळी साडेअकराच्या आत द्यायच्या आणि दुपारी दुसऱ्या टोकाला घ्यायच्या. पण चार मोठ्या बॅगा घेऊन मुळात त्सुमागोपर्यंत बसने येणे हीच शिक्षा आहे.

त्याऐवजी क्योतोच्या हॉटेलातून त्या थेट विमानतळावर पाठवाव्यात. जपानमध्ये ‘ताक्कुबिन’ ही घरपोच सामान सेवा अतिशय भरवशाची आहे आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातच बॅग देता येते. विमानतळावर पाठवायची असेल तर निदान दोन दिवस हाताशी ठेवावेत. मग एका रात्रीपुरती छोटी पिशवी पाठीवर आणि तेवढेच ओझे डोंगरात.

उंबरठा

मुक्काम करणार असाल तर मिन्शुकुमध्ये करा. ही घरगुती राहण्याची ठिकाणे आहेत. आरक्षण करतानाच रात्रीचे जेवण सांगावे लागते, कारण गावात संध्याकाळी बाहेर खायला जवळजवळ काही मिळत नाही. आईच्या शाकाहाराची अट तेव्हाच, मासळीच्या पाण्यासकट स्पष्ट लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितले तर ते बिचारे संकोचाने पाच वेळा माफी मागतील आणि आई वाटीभर भातावर झोपेल. जेवण सहाच्या सुमारास असते, स्नानगृह सामायिक, झोपणे तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर. बाबांना जमिनीवरून उठणे जड जात असेल तर आधी विचारून घ्या. रोख येन जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालेलच असे नाही.

पाणपोई

घरी चर्चा झाली आणि बेत बदलला. क्योतोतील एक रात्र कमी करून ती त्सुमागोला देत आहोत. बॅगा विमानतळावर पाठवू. सकाळी न्याहारी झाल्यावर त्सुमागोहून चालायला सुरुवात, आई-बाबा खिंडीपर्यंत आमच्यासोबत, पुढचा उतार त्यांनी बसने किंवा वाटल्यास पायी. दुपारी मागोमेहून बसने नाकात्सुगावा, तिथे ते चेस्टनटचे प्रकरण, आणि संध्याकाळपर्यंत नागोया. पावसाचा अंदाज वाईट असेल तर चालणे सोडून बसनेच मागोमे पाहू, असे नवऱ्याने आधीच वदवून घेतले आहे.

चकवा

क्योतोची रात्र कापलीत, हे मला सर्वात जास्त आवडले. तोरिइ खिंड पुढच्या वेळी.

दगडफूल

काठ्यांबद्दल एक राहिले. चालण्याच्या टोकदार काठ्या विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, आणि तुमच्या मोठ्या बॅगा तर दोन दिवस आधी पुढे गेलेल्या असतील. तरी हरकत नाही. दुमडणाऱ्या काठ्या न्या आणि विमानतळावर बॅगा हातात आल्या की तपासणीला देण्याआधी त्यांतल्या एकीत घाला. तळव्यांचा चिखलही तिथेच पुसून घ्या.

नकाशेवाला

आणि खिंडीतल्या बसची वेळ प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा. हंगामानुसार वेळापत्रक बदलते. मागोमेहून नाकात्सुगावाला जाणाऱ्या, तुम्हाला हव्या असलेल्या बसच्या आधीच्या बसची वेळही कागदावर लिहून ठेवा आणि तीच आपली बस आहे असे बाबांना सांगा.